कुत्ना होराचं अस्थिगृह: प्रागहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

प्रागला आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइल पुढे करतं. त्यावर हाडांच्या झुंबराचा फोटो असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "हे इथून जवळच आहे ना?" जवळच आहे. रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता. पण त्या फोटोपलीकडे काहीच माहीत नसताना गेलं, तर दहा मिनिटांत बाहेर येऊन "झालं पाहून" म्हणायची वेळ येते. नाहीतर सोबत आलेल्या वयस्कर माणसाला रात्री झोप लागत नाही. माझ्याबाबतीत दोन्ही झालं आहे. पहिल्यांदा एका सहलीच्या बसमधून गेले होते. वीस मिनिटं दिली होती, त्यातली निम्मी रांगेत गेली. दुसऱ्यांदा बाबा आणि आत्याला घेऊन गेले, तेव्हा त्यांच्याशी आधी नीट बोलायचं राहून गेलं. त्यानंतर बऱ्याच जणांना घेऊन गेले आहे. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

१. आपण कुठे चाललोय ते आधी समजून घ्या

कुत्ना होरा हे चेक प्रजासत्ताकातलं जुनं चांदीच्या खाणींचं गाव. प्रागच्या पूर्वेला सुमारे सत्तर किलोमीटरवर. सेडलेट्स हा त्याचाच एक भाग. ११४२ मध्ये इथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षूंच्या पंथाचा मठ स्थापन झाला. १२७८ मध्ये राजा दुसरा ओताकार याने मठाचा प्रमुख हेन्री याला पवित्र भूमीकडे पाठवलं. येताना त्याने येशूला क्रुसावर चढवलं त्या गोलगोथा टेकडीवरची माती आणली आणि मठाच्या दफनभूमीत पसरली, असं सांगतात. ही बातमी पसरली आणि मध्य युरोपभरच्या लोकांना वाटू लागलं, पुरायचं तर सेडलेट्सला. गंगेकाठी देह ठेवावा म्हणून काशीला जाऊन राहणारी माणसं आपल्याला माहीत आहेत. तीच ओढ इथे मातीची होती.

ही गोष्ट मी प्रत्येकाला निघण्याआधी सांगते, कारण ती कळली की आतलं सगळं वेगळं दिसतं. तिथली माणसं कुणी मारून टाकलेले कैदी नव्हेत की शापित लोक नव्हेत. इंटरनेटवर असल्या कथा भरपूर सापडतील, त्या बाजूला ठेवा. यातल्या कितीतरी जणांनी स्वतःहून ही माती मागून घेतली होती.

पुढे चौदाव्या शतकात प्लेगची साथ आली आणि पंधराव्या शतकात हुसाइट युद्धं झाली, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची. १४२१ मध्ये मठही जळाला. दफनभूमीत जागा पुरेना. त्याआधी, १४०० च्या आसपास, तिच्या मधोमध दुमजली गॉथिक चर्च उभं राहिलं होतं. वर प्रार्थनागृह, खाली जमिनीतून निघालेली हाडं ठेवायची जागा, तेच हे अस्थिगृह. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे ही हाडं टाकून देता येत नाहीत. अंतिम दिवशी मृत पुन्हा उठतील, तोवर ती पवित्र जागेतच राहिली पाहिजेत. मुंबई-वसईच्या चर्चच्या दफनभूमीत भिंतीतले छोटे कप्पे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. जागा कमी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडायची आणि अस्थी कप्प्यात ठेवायच्या. सेडलेट्सलाही मूळ कारण तेच, फक्त इथे आकडा चाळीस ते सत्तर हजार माणसांचा सांगतात.

१५११ मध्ये दृष्टी अधू झालेल्या एका भिक्षूने या हाडांचे पिरॅमिडसारखे ढीग रचले, अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद सांतिनीने चर्चची दुरुस्ती आणि नवी सजावट केली. १७८० च्या दशकात सम्राट दुसऱ्या जोसेफने मठ बंद केला. मालमत्ता श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याकडे गेली आणि मठाच्या इमारतीत पुढे तंबाखूचा कारखाना आला. आज आपण जी सजावट पाहतो, ती याच घराण्याने नेमलेल्या फ्रांतिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराची. त्याने हाडं धुऊन, चुन्याने पांढरी करून त्यांतून हे सगळं उभं केलं. काम पूर्ण झालं ते साल, १८७०, त्याने भिंतीवर हाडांनीच लिहून ठेवलं आहे.

२. सोबत कोण येणार ते आधी ठरवा

आपल्याकडे देह जळतो. तिसऱ्या दिवशी राख सावडली जाते, थोड्या अस्थी नदीत सोडल्या जातात आणि त्यानंतर डोळ्यांसमोर काही उरत नाही. त्यामुळे इतक्या हाडांसमोर उभं राहायची आपल्या डोळ्यांना सवयच नाही. काहींना भीती वाटत नाही, पण विटाळाची जुनी जाणीव डोकं वर काढते. तिला हसू नका. निघायच्या आदल्या दिवशी घरच्यांना नीट सांगा, एखादा फोटो दाखवा आणि "नको वाटलं तर बाहेर बसू" हा पर्याय खरोखर द्या.

विशेष विचार करावा असे लोक:

- गेल्या वर्षभरात घरात मृत्यू झालेले. त्यांनी आग्रहाला बळी पडून येऊ नये. आत उतरल्यावर मागे वळणं अवघड जातं, कारण मागून माणसं येत असतात.
- लहान मुलं. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला न्यायचं की नाही हे आईवडिलांनीच ठरवावं. माझा अनुभव असा की मुलं घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात. "ही खरी माणसं होती का?" याचं उत्तर तयार ठेवा. "हो" एवढं उत्तर पुरतं, पण ते सरळ द्या.
- गुडघेदुखीवाले. हाडं खालच्या प्रार्थनागृहात आहेत आणि तिथे जायला पायऱ्याच आहेत. चाकाच्या खुर्चीने खाली जाता येत नाही.

"डार्क टूरिझम", म्हणजे मृत्यूशी जोडलेल्या जागा पाहायला जाणं, हा शब्द ऐकून अनेकजण येतात. त्या शब्दाने मनात भुताटकीच्या घराचं चित्र उभं राहतं. इथे ते चित्र घरी ठेवून या. हे आजही चर्च आहे आणि भोवतीच्या आवारात कबरी आहेत, ज्यांवर ताजी फुलं असतात.

३. कागदपत्रं आणि पिशवी

भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. युरोपच्या सहलीत प्रागला दोन रात्री आणि व्हिएन्नाला पाच असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. एका ओळखीच्या कुटुंबाला एजंटाने "जिथे तारीख लवकर मिळेल तिथे टाका" असं सांगितलं आणि त्यांचा अर्ज नाकारला गेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी झालाच पाहिजे. पण मे-जूनच्या हंगामात १५ दिवसांवर विसंबू नका. विमा निदान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा हवा.

कुत्ना होराला जाताना जवळ ठेवायचं:

- पासपोर्ट. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका.
- विद्यार्थी असाल तर ओळखपत्र, तिकिटात सवलत मिळते.
- थोडे चेक कोरुना. या देशाचं चलन युरो नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण सुट्टे असलेले बरे. प्रागच्या पर्यटक भागातल्या चकचकीत अदलाबदल केंद्रांत दर विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि रस्त्यावर "बदलून देतो" म्हणणाऱ्याकडे तर बघूही नका.
- उन्हाळ्यातसुद्धा पातळ स्वेटर किंवा शाल. खाली गारवा असतो.
- पाण्याची बाटली. हिचं कारण पुढे येईल.

४. गाडी कुठे पकडायची, कुठे उतरायचं

प्रागच्या मुख्य स्टेशनवरून, म्हणजे "प्राहा ह्लाव्नी नाद्राझी"वरून थेट गाड्या आहेत. काही गाड्यांना कोलीन इथे बदलावं लागतं. तिकीट काढतानाच "थेट आहे का" हे पाहून घ्या. फलाट क्रमांक गाडीच्या थोडाच आधी फलकावर येतो. मुंबईत लोकलचा फलाट पाठ असतो त्या सवयीने अर्धा तास आधी येऊन एकाच फलाटावर उभं राहू नका. फलकासमोर थांबा.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा. कुत्ना होराला स्टेशनं एकाहून जास्त आहेत. अस्थिगृहासाठी उतरायचं ते "कुत्ना होरा ह्लाव्नी नाद्राझी" या मुख्य स्टेशनवर. नावात "म्येस्तो" असलेलं स्टेशन जुन्या गावाजवळ आहे, अस्थिगृहाजवळ नाही. मुख्य स्टेशनवरून गावाकडे एक छोटी लोकल गाडी जाते, तिलाही सेडलेट्सचा थांबा आहे. पण मुख्य स्टेशनपासून अस्थिगृह चालत पंधरा मिनिटांवर आहे. पाय चांगले असतील तर लोकलची वाट पाहू नका. रस्ता साधा आहे. घरं, एखादं दुकान, आणि मग उजेडात एकदम कॅथेड्रलची उंच भिंत दिसते.

५. आधी तिकीट, मग कॅथेड्रल, मग अस्थिगृह

अस्थिगृहाच्या दारात तिकीट मिळत नाही. ते जवळच्या माहिती केंद्रातून काढावं लागतं. हे केंद्र कॅथेड्रल आणि अस्थिगृह यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. आम्ही बाबांना घेऊन सरळ दारापर्यंत गेलो, तिथून परत फिरावं लागलं. बाबांच्या गुडघ्यांना ती फेरी महाग पडली. म्हणून स्टेशनवरून येताना आधी केंद्रात शिरा. उन्हाळ्यात वेळ संध्याकाळपर्यंत असते, हिवाळ्यात लवकर बंद होतं आणि २४ डिसेंबरला बंद असतं. निघण्याच्या दिवशी सकाळी संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या.

अस्थिगृहाच्या तिकिटातच शेजारच्या कॅथेड्रलचा प्रवेश येतो. जुन्या गावातल्या सेंट बार्बरा चर्चसह तिन्हींचं एकत्र तिकीटही मिळतं. दिवसभर राहणार असाल तर तेच घ्या.

माझा आग्रह आहे की कॅथेड्रल आधी पाहा. घाईतल्या सहली ते वगळतात, आणि त्यामुळे अस्थिगृह मुळापासून तुटलेलं वाटतं. मेरीच्या नावाचं हे चर्च १३०० च्या आगेमागे बांधलं गेलं, हुसाइट युद्धात जळालं, जवळजवळ तीनशे वर्षं तसंच पडून राहिलं आणि मग सांतिनीने ते पुन्हा उभं केलं. आत उजेड इतका की डोळे मिटायला होतात. उंच, फिक्या रंगाच्या भिंती, वर जाळीसारखी कमान. इथे दहा मिनिटं बसा. या मठातल्या लोकांनी मृत्यू आणि प्रकाश एकाच आवारात ठेवले होते, हे बसल्यावर कळतं. मग उठून अस्थिगृहाकडे चाला.

६. खाली उतरल्यावर

आवारात शिरताना आवाज आपोआप कमी होतो, तो तसाच ठेवा. दारात माणूस असेल तर "दोब्री देन" म्हणा. चेक लोकांना दुकानात, चर्चमध्ये, अगदी लिफ्टमध्येही नमस्कार केलेला आवडतो. टोपी काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

पायऱ्या उतरतानाच दोन्ही बाजूंना हाडांचे चषक आणि क्रूस दिसतात. तिथे थांबू नका, मागच्यांची वाट अडते. खाली आल्यावर पहिल्यांदा डोळे झुंबराकडे जातील, ते जाऊ द्या. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक प्रकारचं निदान एक हाड त्यात आहे असं सांगतात. जबड्याच्या, मांडीच्या, हाताच्या हाडांतून केलेली साखळी. त्याच्या भोवती कमानींवर कवट्यांच्या माळा. गणपतीच्या मखराला झेंडूच्या माळा जशा झोके देऊन बांधतो, हुबेहूब तशा. आत्याने हीच गोष्ट पहिल्यांदा म्हटली आणि मग स्वतःच गप्प झाली.

झुंबर पाहून झालं की लगेच वळू नका. क्रमाने या गोष्टी पाहा:

पहिली गोष्ट म्हणजे कोपऱ्यांतले मोठे ढीग. हे रिंटच्या आधीचे, मूळ रचनेचा भाग. कवट्या आणि लांब हाडं इतकी घट्ट रचलेली की आत अंधाराशिवाय काही दिसत नाही. वर सोनेरी लाकडी मुकुट टांगलेले आहेत. मेलेल्याला स्वर्गात मिळणारा मुकुट, असा त्याचा अर्थ. झुंबराचे फोटो हजारो लोक काढत आले, हे मुकुट फारसे कुणाच्या लक्षात येत नाहीत. माझ्या मते या जागेचा सगळा अर्थ त्यांच्यात आहे. ही हाडं ज्यांनी रचली त्यांना भीती दाखवायची नव्हती. "आज तू, उद्या मी" ही जाणीव आणि "पुढे काहीतरी आहे" हा विश्वास, दोन्ही एकाच ढिगावर ठेवायचे होते. ओल आणि काळ यांनी हाडं व इमारत दोन्ही खराब होऊ लागल्याने गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने दुरुस्ती चालू आहे. ढीग एकेक हाड काढून, स्वच्छ करून पुन्हा रचले जातात. त्यामुळे एखादा कोपरा झाकलेला असू शकतो. चिडू नका. एका एका माणसाची हाडं हाताने पुसून परत जागेवर ठेवली जात आहेत, हेही पाहण्यासारखंच आहे.

दुसरी गोष्ट श्वार्झेनबर्ग घराण्याचं राजचिन्ह, तेही पूर्ण हाडांचं. त्याच्या एका कोपऱ्यात कावळा एका तुर्काच्या डोळ्याला टोचतो आहे. १५९८ मध्ये आडोल्फ श्वार्झेनबर्गने तुर्कांकडून राब हा किल्ला जिंकून घेतला, त्याची ही आठवण. मला हा भाग खटकतो आणि मी तो लपवत नाही. हजारो अनामिक लोकांच्या हाडांतून एका श्रीमंत घराण्याने स्वतःची ओळख उभी केली. सोबतच्यांना हे सांगा, त्यांना काय वाटतं ते विचारा. आमच्या घरात यावर परतीच्या गाडीत तासभर वाद झाला आणि तो फार चांगला वाद होता.

तिसरी गोष्ट काचेच्या पेटीतल्या कवट्या. त्यांवर शस्त्राचे घाव दिसतात, युद्धातले. एका कवटीवर कपाळावरची खोक इतकी स्वच्छ आहे की घाव कुठल्या बाजूने आला असेल ते समजतं. इथे प्रत्येकजण थांबतो. ढिगातली हाडं गर्दी वाटतात, इथे मात्र एकेक माणूस समोर येतो.

शेवटी परत वर येताना भिंतीवर रिंटची सही शोधा. नाव, गावाचं नाव चेस्का स्कालित्से आणि साल. बारीक हाडं वापरून अक्षरं केली आहेत.

कशालाही हात लावू नका. कवट्यांवर नाणी ठेवणं, टाकणं, नवस बोलणं, काही नको. आपल्याकडे पवित्र जागी पैसे टाकायची सवय असते आणि ती प्रेमातून येते, पण इथे नाण्यांनी हाडांचं नुकसान होतं. द्यायचंच असेल तर दानपेटीत द्या.

७. फोटो काढू नका

१ जानेवारी २०२० पासून आत फोटो काढायला बंदी आहे. आधीपासून परवानगी घेतलेल्यांनाच सूट असते. लोक कवट्यांवर टोप्या-गॉगल घालून, त्यांना उचलून, मुके घेतल्याचा अभिनय करून फोटो काढू लागले होते, म्हणून ही वेळ आली. मोबाइल खिशात ठेवा, हातात धरून "वेळ बघतोय" असंही नको. "इतक्या लांब येऊन एक फोटोसुद्धा नाही?" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, आपल्या आजोबांच्या अस्थींचा कलश समोर ठेवून कुणी अनोळखी माणसाने सेल्फी काढला तर आपल्याला चालेल का? बाहेरच्या आवारात फोटो चालतो, पण नव्या कबरींचे आणि तिथे आलेल्या माणसांचे नको.

आठवण हवी असेल तर छोटी वही न्या. बाहेर बाकावर बसून पाच ओळी लिहा. मुलांना चित्र काढायला सांगा.

८. बाहेर आल्यावर थोडा वेळ द्या

आत्याला घेऊन गेलो त्या दिवशी ती आत दहा मिनिटं होती. बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी घाबरले. विचारलं, "आत्या, तुला बरं वाटत नाहीये का?"

ती म्हणाली, "तुझ्या काकांच्या अस्थी प्रीतिसंगमावर सोडल्या ना, तेव्हा हातात एवढंसं गाठोडं होतं. इथं बघ, कुणालाच सोडलं नाही."

आत्या कऱ्हाडची. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं ते लाल फडक्यातलं गाठोडं मलाही आठवत होतं. मग ती उठली. आवारात फुलांना पाणी घालायचा नळ होता, शेजारी झाऱ्या टांगलेल्या. एक चेक आजी झारी भरत होती. आत्याने तिला हातानेच "थांबते" अशी खूण केली. आजीने आपली झारी बाजूला घेतली आणि तिला जागा दिली. आत्याने पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं, चूळ भरली. स्मशानातून घरी आल्यावर करतो तसं. आजीने काही विचारलं नाही. जाताना मान हलवून नमस्कार केला.

पाण्याची बाटली जवळ ठेवा असं म्हटलं ते याचसाठी. ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांना लाज वाटू देऊ नका, आणि ज्यांना नाही वाटत त्यांना भाग पाडू नका. नळ हिवाळ्यात गोठू नये म्हणून बंद असू शकतो.

२ नोव्हेंबरच्या आसपास आलात तर चेक माणसं आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावताना दिसतील. त्यांची ही सर्वपित्रीच म्हणा. त्या दिवसांत आवारात गर्दी असते, पण मला तेव्हाच जायला सर्वांत आवडतं. संध्याकाळी पाच वाजता अंधार होतो आणि लाल काचेतले दिवे एकेक उजळत जातात.

९. उरलेला दिवस

अस्थिगृहानंतर सरळ प्रागला परतू नका, मन तिथेच अडकून राहतं. गावातलं सेंट बार्बरा चर्च सेडलेट्सपासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. गावातली बस जाते. खाणकामगारांच्या संरक्षक संत बार्बराचं हे चर्च १३८८ मध्ये बांधायला घेतलं आणि पूर्ण झालं १९०५ मध्ये. आतल्या जुन्या भित्तिचित्रांत खाणकामगार आणि नाणी पाडणारे दिसतात आणि पांढऱ्या अंगरख्यातल्या खाणकामगाराचा पुतळाही आहे. खाली पाहिलेल्या कवट्यांना इथे चेहरे मिळतात. १३०० पासून प्रागची चांदीची ग्रोशेन नाणी ज्या टांकसाळीत पडत, तो व्लाश्स्की द्वूर वाडाही गावातच आहे. सेडलेट्सचं कॅथेड्रल, सेंट बार्बरा आणि जुनं गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी असाल तर "स्माझेनी सिर" म्हणजे तळलेलं चीज आणि "ब्राम्बोराक" म्हणजे किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं धिरडं मिळतं. ब्राम्बोराकमध्ये अंडं असतं आणि कधी कधी डुकराचं मांसही, म्हणून विचारून घ्या. खूप चालून आल्यावर तो गरम घास आत्यालाही आवडला होता, अंड्याचं मी तिला आधीच सांगितलं होतं.

अशा जागांची ओढ लागली तर ब्रनो शहरात सेंट जेम्स चर्चखालचं अस्थिगृह आहे. २००१ मध्ये ते सापडलं, २०१२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पन्नास हजारांहून जास्त माणसांची हाडं तिथे आहेत, पण सजावट जवळजवळ नाही. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला कवट्यांवर नावं आणि फुलं रंगवलेली आहेत. गोव्यातून येणाऱ्यांना तर संतांचे अवशेष पाहायची सवय असतेच. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. तरी एका सहलीत अशी एकच जागा ठेवा. लागोपाठ दोन पाहिल्या की दुसरी नुसती हाडं वाटू लागतात, आणि तो त्या माणसांवर अन्याय आहे.

परतीच्या गाडीसाठी बार्बरापासून मुख्य स्टेशन लांब आहे. "म्येस्तो" स्टेशनवरून लोकल पकडून मुख्य स्टेशनवर प्रागची गाडी घ्या, दोन्हींच्या वेळा दुपारीच पाहून ठेवा. रविवारी संध्याकाळी प्रागकडे परतणारे विद्यार्थी असतात, बसायला जागा हवी असेल तर आरक्षण करा.